सिबूत काय खाल्लं: कामपुआ, कोम्पिया आणि बाकीचे फूचाऊ प्रकार

टगवाला

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी इकडे डोकावतोय. सध्या मुक्काम पोस्ट सिबू. नकाशा उघडायचा त्रास वाचवतो: बोर्निओ बेट, त्यावर मलेशियाचं सारावाक राज्य, त्यात राजांग नदी, आणि तिला इगान नावाचा फाटा फुटतो तिथे हे गाव. समुद्र बराच लांब, तरी गावाचा मोठा धंदा बोटी बांधायचा. नदीकाठी एकाला लागून एक यार्ड, सगळीकडे टग (दुसऱ्या बोटी ओढणाऱ्या ताकदवान बोटी) आणि बार्ज (सपाट मालवाहू बोटी). आमच्या मालकांनी इथे एक टग बांधायला टाकलाय आणि त्याच्या वेल्डिंगवर डोळा ठेवायला मला सहा आठवडे धाडलंय.

पहिल्या दिवशी हॉटेलातला ब्रेड-जॅम खाऊन यार्डात गेलो. फोरमनने विचारलं, काय खाल्लं? सांगितलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी उपाशीच आलोय, आणि काम सोडून मला गाडीत घातलं.

दुकान म्हणजे काय, तर रस्त्याला उघडा गाळा, गोल टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, छताला पंखे. दाराशी उकळत्या पाण्याचं पातेलं आणि त्यामागे एक आजी. दोन मिनिटांत समोर बशी आली. ताट नाही हं, बशीच. त्यात पांढुरक्या सरळ नूडल्सचा गुंता, वर लालसर कडेच्या डुकराच्या मांसाचे चार-पाच काप, इतके पातळ की आरपार दिसावं. चिमूटभर कांद्याची पात, थोडा तळलेला कांदा. शेजारी वाटीभर नितळ सूप. रस्सा नाही, भाजी नाही, मसाला नाही. मी मनात म्हटलं, हे एवढंच?

ह्याचं नाव कामपुआ. म्हणजे कोरड्या, बशीतल्या नूडल्स. नावातही काही दडवलेलं नाही.

नूडल्सना जी चकाकी होती ती तेलाची नव्हती, डुकराच्या चरबीची होती. सांबारात घालतात तसले बारके कांदे त्या चरबीत तळतात, मग ती चरबी वाटीच्या तळाशी, त्यावर थोडा पातळ सोया सॉस, त्यावर पाण्यातून काढलेल्या नूडल्स, आणि ढवळा. मी दोन बशा संपवल्या. फोरमनने काही न बोलता तिसरी मागवली, ती मात्र त्याने स्वतः खाल्ली.

आज एकविसावा दिवस. सत्तावीस बशा झाल्यात, नऊ दुकानं. वहीत नोंद ठेवतोय, सर्व्हेयरला दुसरं येतं काय. कुणाला रस असेल तर लिहितो पुढे.

मीनल_ठाणे

रस आहे म्हणजे काय, लिहाच. नऊ दुकानांत फरक काय पडतो एवढ्या साध्या पदार्थात? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सुरणकंद

सत्तावीस भागिले एकवीस. डॉक्टर वाचतायत का हा धागा?

अण्णा_सदाशिव

सकाळी सकाळी डुकराची चरबी. असो. ज्याची त्याची आवड. आमच्यासारख्यांना तिथे हवा खाऊनच राहावं लागणार बहुतेक.

गिरीजकर

अण्णा, आमच्या वसईत ज्याच्या घरी लग्न त्याच्या घरी डुकराचं मटण. आम्हीही मराठीच, कादोडी बोलतो, आणि चरबीचा तुकडा ताटात आला नाही तर पाहुणा रुसतो. तेव्हा "असो" थोडं हळू म्हणा. 🙂

टगवालेभाऊ, एक सांगा. चरबी नुसती पांढरी घट्ट वापरतात की कढवून? आमच्याकडे आजी चरबीचे तुकडे मंद आचेवर ठेवायची, वर तरंगणारे कुरकुरीत तुकडे आम्ही पोरं पळवायचो.

टगवाला

गिरीजकर, कढवूनच. तूप कढवतात अगदी तस्सं. आणि ते कुरकुरीत तुकडे म्हणजे त्याची बेरी समजा. काही दुकानांत मागितली तर बशीवर घालून देतात. मी मागतो.

मीनलताई, फरकाचं सांगतो. या पदार्थात लपायला जागा नाही. आपल्या मिसळीत तर्री झणझणीत असली की मटकी जरा कमी शिजलेली खपून जाते. इथे मोजून पाच-सहा जिन्नस. नूडल्स अर्धा मिनिट जास्त उकळल्या की गचका, कमी उकळल्या की कणकेचा वास. पाण्यातून काढल्यावर नीट झटकल्या नाहीत तर तळाशी सोया सॉसचं पाणी होतं. चरबी जुनी असेल तर पहिल्या घासाला टाळूला चिकटते. कांदा जळला असेल तर सगळी बशी कडू.

माझ्या वहीत चार रकाने आहेत: नूडल्सचा चावा, चरबीचा वास, कोरडेपणा, मांस. मांसाला मी सगळ्यांत कमी गुण ठेवलेत. फोरमनला हे पटत नाही. माझं म्हणणं, मांस ही नथ आहे, बाई नाही.

आणि एक महत्त्वाचं. कामपुआचं आयुष्य दहा मिनिटं. तेवढ्यात खाल्लं नाही की चरबी थिजते, नूडल्स एकमेकींना धरून बसतात. फोटो काढत बसाल तर फोटोच खा.

मीनल_ठाणे

"मांस ही नथ आहे" 😄 पण मग ऑर्डर कशी द्यायची? भाषा कुठली चालते?

टगवाला

दुकानात फूचाऊ बोली, म्हणजे चीनच्या फूचाऊ भागातून इथे आलेल्या लोकांची, तीही इतक्या भरभर की कानाला वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखी लागते. मलय आणि मोडकं इंग्रजी सगळीकडे चालतं. गल्ल्यावर इबान (इथल्या मूळच्या जमातीतली) मुलगी असली तर तीही फूचाऊत ओरडते. मला फक्त रंग सांगायला शिकवलंय. काही न बोलता येतं ते पांढरं, म्हणजे नुसती चरबी आणि पातळ सोया. काळं म्हणजे वरून दाट गोडसर काळा सोया सॉस. लाल म्हणजे तिखट-आंबट मिरचीचा सॉस कालवलेलं. नवख्याने पांढरंच खावं. बाकीचे दोन दुकानदाराच्या चुका झाकायला आहेत असं माझं मत, फोरमनचं तसं नाही. तो काळंच खातो.

बसायची रीतही जरा वेगळी आहे. ह्या दुकानांना कोपितिआम म्हणतात, म्हणजे कॉफीचं दुकान. गाळ्याचा मालक फक्त चहा-कॉफी विकतो. नूडल्सवाली आजी, कोपऱ्यातला लाक्सावाला (लाक्सा म्हणजे मसालेदार रश्शातल्या नूडल्स), भातवाला, हे सगळे त्याचे भाडेकरू. म्हणून टेबलावर बसलात की एक पोरगा येऊन पेय विचारतो, आणि तुम्हाला तहान नसली तरी काहीतरी मागवायचं असतं. त्यावर त्याचं पोट आहे. खाणं तुम्ही त्या-त्या गाड्यापाशी जाऊन सांगायचं. पैसे वेगवेगळे. पहिल्या दिवशी मी आजीला कॉफी सांगितली, तिने हात झटकून मला हाकललं.

जर्सीबाब

टगवाले, वाचताना पोटात कालवलं. इथे न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये ईस्ट ब्रॉडवे म्हणून रस्ता आहे, तो सगळा फूचाऊ लोकांचा. १९८० नंतर आले बहुतेक. जर्सीहून ट्रेनने गेलो की मी एका कळकट दुकानात शिरतो. तिथे नूडल्स असतात पण चरबीच्या नाहीत, शेंगदाण्याच्या लोण्यात कालवलेल्या. सोबत वाटीभर सूप, त्यात अगदी पातळ कागदासारख्या आवरणाचे बारके मांस भरलेले मोदक. तुमच्याकडे शेंगदाणे नाहीत का?

टगवाला

नाही दिसले अजून. मोदक मात्र आहेत. इथे त्यांना पियान्सिप म्हणतात. आवरण इतकं पातळ की सूपमध्ये माशाच्या शेपटीसारखं हलतं. आत डुकराचं वाटलेलं मांस, वाटाण्याएवढं. ते आपल्या मोदकासारखं सारण नाही, चव म्हणून आहे. कोरडेही मिळतात, कामपुआसारखेच चरबीत घोळवून. काही दुकानांत मी अर्धी बशी कामपुआ, अर्धी कोरडे पियान्सिप अशी मागतो. आजीने सुरुवातीला नाक मुरडलं, आता मला बघितलं की आपणहून करते.

क्लांगची_काकू

अरे वा, माझ्या बाजूचा धागा आणि मला आज दिसला! मी मलेशियातच, पण इकडे द्वीपकल्पावर, क्लांगला. अठरा वर्षं झाली. टगवाले, आधी एक: तिथे पोचल्यावर पासपोर्टवर परत शिक्का मारला ना? सारावाकचं स्वतःचं इमिग्रेशन आहे, क्वालालंपूरहून गेलं तरी. माझा नवरा पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला वाटलं आपलं विमानच चुकलं.

दुसरं: फूचाऊ फक्त सिबूत नाहीत. पेराक राज्यात सितियावान म्हणून गाव आहे, तिथेही त्यांची वस्ती १९०३ पासूनची. तिथे कोम्पिया पावाला गोंगपियान म्हणतात. आणि तिथल्या शेवया! कांपुंग कोह भागात अजून हाताने मी-सुआ ओढतात आणि उन्हात लांबच लांब दांड्यांवर वाळत घालतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझ्या माहेरच्या, मंगळवेढ्याच्या, अंगणातल्या शेवया आठवल्या. एप्रिलमध्ये काठीवर टाकलेल्या. आई एका काठीवरून दुसरीकडे जायची तेव्हा आम्हा पोरांना पंखा घेऊन माशा हाकलायला बसवायची. इथेही अगदी तेच. फक्त गव्हाच्या पिठात मीठ भरपूर घालतात, म्हणून आधी नुसत्या पाण्यातून काढून घ्याव्या लागतात, नाहीतर खारट ढूस.

मी-सुआ खाल्ल्या का? लाल दारूतल्या कोंबडीबरोबर?

टगवाला

काकू, शिक्का मारला, आणि मीही तोच प्रश्न विचारला होता, "मी देश बदलला का?"

मी-सुआ खाल्ल्या. मागच्या रविवारी फोरमनच्या सासूबाईंनी घरी बोलावलं होतं. त्याचं सगळं सांगायला वेगळी पोस्ट लागेल, तरी थोडक्यात: मोठा वाडगा, त्यात केसांसारख्या बारीक शेवया, कोंबडीचे तुकडे, आलं, आणि रस्सा गुलाबी-लाल. वास घेतला तर आंबूस, थोडा दारूचा, थोडा आपल्या ताडीच्या गाडग्याचा. चव आधी गोडसर, मग आल्याची.

रंग कशाचा, हे विचारलं तर त्या मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. चिनी मातीच्या बरण्या, वर कापड बांधलेलं. चिकट तांदळाचा भात, त्यात लाल तांदूळ (एक प्रकारची बुरशी वाढवलेला, रंग त्या बुरशीचा), आणि पाणी. महिनाभराने दारू गाळून घेतात. उरलेला लालभडक चोथा टाकत नाहीत, बरणीत भरतात आणि तो मांसात, भाजीत घालतात. माझ्या मते चोथाच खरा माल आहे. कोंबडी त्यातच परतून घेतात, मग वरून दारू.

क्लांगची_काकू

हेच! आणि बाळंतिणीला महिनाभर हेच देतात. माझी शेजारीण फूचाऊ, सुनेच्या वेळी सहा बरण्या घातल्या होत्या तिने. आपल्याकडे डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर, इकडे लाल दारूतली कोंबडी. मजा म्हणजे ही शेजारीण पक्की मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, चर्चला दर रविवारी, घरात बिअरची बाटली चालत नाही. तिला विचारलं तर म्हणते, कोंबडीत गेली की ती दारू राहत नाही, औषध होतं. मी काय बोलणार.

वाढदिवसालाही मी-सुआ. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, म्हणून तोडायच्या नाहीत. सोबत दोन उकडलेली अंडी.

इतिहासवेडा

मेथडिस्ट म्हणालात म्हणून विचारतो. चिनी लोक, ख्रिस्ती, बोर्निओच्या जंगलात. हे जुळलं कसं?

टगवाला

ह्याचं उत्तर गावात जागोजागी पुतळ्यांवर आणि पाट्यांवर आहे, त्यामुळे मला सांगणं सोपं. वोंग नाय सिओंग नावाचे एक गृहस्थ होते, चीनच्या फूचाऊ भागातले, ख्रिस्ती मेथडिस्ट, सुधारक वृत्तीचे. तेव्हा सारावाक हे एका इंग्रज घराण्याचं खासगी राज्य होतं, ब्रूक घराणं, "गोरे राजे" म्हणतात ते. त्यातल्या चार्ल्स ब्रूकशी वोंगनी 1900 साली करार केला की मी माझ्या गावचे शेतकरी आणतो, तू जमीन दे. 1901 च्या जानेवारीत पहिली तुकडी बोटीने राजांगवर आली, मार्चमध्ये दुसरी मोठी. सगळे मिळून 1,118. गावाला अजून "नवं फूचाऊ" म्हणतात.

त्यांना आणलं होतं भात पिकवायला. इथली जमीन दलदलीची, खाली कुजकट पालापाचोळ्याचा थर. भात काही नीट पिकला नाही. वोंग 1904 मध्ये परत गेले. मागे जेम्स हूवर नावाचा अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी राहिला, त्याने रबराची रोपं लावायला लावली, आणि मग लोकांचे दिवस पालटले. रबरानंतर लाकूड, लाकडानंतर बोटी. भात पिकवायला आणलेल्या माणसांच्या गावाचं नाव शेवटी नूडल्समुळे झालं.

मजुरांचं खाणं होतं हे. पीठ, चरबी, मीठ. मांसाचे काप इतके पातळ का, त्याचंही कारण तेच असावं.

अण्णा_सदाशिव

इतिहास चांगला सांगितलात. आता प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. माझी पुतणी क्वालालंपूरला नोकरीला गेली आहे, पूर्ण शाकाहारी. ती सिबूला गेली तर तिने काय खावं?

टगवाला

अण्णा, प्रामाणिक उत्तर. साध्या कोपितिआममध्ये तिची पंचाईत होईल. भाजी मागितली तरी कढईत चरबीच असते. "मांस नको" म्हटलं तर ते मांसाचे काप उचलून बाजूला ठेवतात, झालं शाकाहारी! पण बौद्ध लोकांची शुद्ध शाकाहारी दुकानं आहेत, तिथे कांद्याच्या तेलात कालवलेलं कामपुआ मिळतं. दारावर चिनी पाटी असते, एखाद्या स्थानिकाला घेऊन जाणं सोपं. आणि मिदिन नावाचं नेच्याचं कोवळं रान-पान मिळतं इथे, लसूण घालून परततात. गुंडाळलेलं टोक, कुरकुरीत, चिकट नाही. फक्त सुकट-कोळंबीचा गोळा, बेलाचान, घालू नका असं आधी सांगावं लागतं.

मुसलमान लोकांसाठी कोंबडीच्या चरबीतलं कामपुआही मिळतं, इथले मलय आणि बरेचसे मेलानाऊ (इथलीच एक मूळची जमात) तेच खातात. एकदा खाल्लं. वाईट नव्हतं. वहीत त्याला वेगळं पान.

अण्णा_सदाशिव

आभार. पुतणीला कळवतो. नेच्याची भाजी मला मात्र खावीशी वाटली.

गिरीजकर

कोम्पियाबद्दल लिहा ना, काकूंनी उल्लेख केला तो. पाव म्हटलं की आम्ही वसईकर कान टवकारतो.

टगवाला

हो, ते राहिलंच. कोम्पिया म्हणजे तळहाताएवढा गोल, चपटा, कडक पाव, वर कधी तीळ असतात, कधी नसतात. आता गंमत ऐका. हा तंदूरमध्ये भाजतात! मातीची भट्टी, खाली कोळसे, आणि माणूस खांद्यापर्यंत हात घालून आतल्या भिंतीवर पिठाचे गोळे थापतो. बाजारामागे एका भट्टीवर मी पाऊण तास उभा होतो. दोघं जण, एक थापतो, दुसरा लांब उलथन्याने सोडवतो. पहिल्याच्या हातावर कोपरापर्यंत केस नव्हते, सगळे जळालेले. आता बरीच दुकानं विजेच्या ओव्हनवर गेलीत, पण तिथला कोम्पिया खालून नुसता रंगतो, भाजत नाही.

गरम असताना चव आपल्या इराण्याच्या ब्रूनची. थंड झाला की दगड. दगड झाला की मधून चिरतात, आणि आत काळ्या सोयामध्ये शिजवलेलं डुकराचं बारीक मांस रश्शासकट भरतात. पाव तो रस्सा पितो. मग तो रुमालाशिवाय खाता येत नाही. माझ्या मते सिबूत सगळ्यांत जास्त समाधान देणारी वस्तू हीच, कामपुआचा नंबर नंतर. (फोरमन वाचत नाही हे बरं.)

नावामागे दंतकथा आहे. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाचे यायचे, त्यांच्याशी लढायला ची जीग्वांग नावाचा सेनापती होता. सैनिकांना चूल पेटवायला वेळ नाही म्हणून त्याने मधे भोक असलेले पाव भाजून घेतले आणि दोरीत ओवून गळ्यात घातले. त्याच्या नावातला "ग्वांग" म्हणजे कोम्पियातला "कोम". खरं-खोटं चिनी देव जाणे. पण ओवलेले कोम्पिया अजून विकायला दिसतात.

सुरणकंद

मावळ्यांच्या कमरेला भाकरी, यांच्या गळ्यात पाव. हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मग तूही गळ्यात घाल आणि ऑफिसला जा."

जर्सीबाब

कोम्पिया ईस्ट ब्रॉडवेवरही मिळतो, पिशवीत दहा-दहा भरून. मला माहीतच नव्हतं की आत काही भरायचं असतं, मी चहात बुडवून खायचो!

टगवाला

जर्सीबाब, बुडवून खाणारे इथेही आहेत, फक्त चहात नाही, हाडांच्या सूपमध्ये. तेव्हा तुम्ही अर्धे बरोबर.

मीनल_ठाणे

कूचिंगला, सारावाकच्या राजधानीत, माझी मैत्रीण होती काही महिने, ती कोलो मी, कोलो मी करायची. तेच का हे?

टगवाला

मीनलताई, हे सिबूत मोठ्याने बोलू नका. 🙂 दोन्ही कोरड्या, दोन्ही चरबीत. पण कोलो मी कूचिंगच्या, नूडल्स कुरळ्या, वर शिजवलेला खिमा, चवीला व्हिनेगरचा आंबटपणा. कामपुआच्या सरळ आणि फिक्या. कूचिंगवाल्यांच्या मते कामपुआ म्हणजे अर्धवट राहिलेली कोलो. सिबूवाल्यांच्या मते कोलो म्हणजे जास्त नटवलेली कामपुआ. मी सिबूत राहतोय, तेव्हा माझं मत तुम्हाला कळलंच.

गावात आणखी जे खाल्लं ते उरकतो. चोचाय मी: आंबवलेल्या मोहरीच्या पानांच्या आणि लाल दारूच्या सूपमधल्या नूडल्स, सर्दी झाली होती तेव्हा फोरमनने पाजलं, नाक मोकळं. फूचाऊ तळलेल्या नूडल्स: नाव तळलेल्या, पण दाट रश्शात शिजलेल्या असतात, पोर्क, पालेभाजी, कोळंबी, दोघांना पुरतात. तियेनपियान्हू: तांदळाचं पीठ कढईच्या गरम कडेवर ओतायचं, ते घावनासारखं चिकटलं की खरवडून खालच्या सूपमध्ये ढकलायचं. कोकणातल्या माणसाला हे बघून भरून येतं, की अरे, आंबोळी केली आणि कढीत टाकली!

पोर्कच्या पायांचा रस्सा, काळा, चिकट. तो एकदाच खाल्ला आणि दुपारी यार्डात बॅलास्ट टाकीत (बोटीचा तोल राखायला पाणी भरतात ती) उतरायचं होतं. उतरलो नाही.

क्लांगची_काकू

बाजाराबद्दल नाही लिहिलंत! सिबूचा मोठा मंडई. माझ्या नवऱ्याने फोटो पाठवले होते, जिवंत कोंबड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ओळीने मांडलेल्या, फक्त डोकी बाहेर. पुरणपोळीच्या घड्या कागदात बांधतात ना, तशा.

टगवाला

काकू, ती उपमा आता माझ्या डोक्यातून जाणार नाही. हो, तसंच आहे. मंडई प्रचंड आहे, खाली भाजी-मासळी-कोंबड्या, इबान बायका रानातून आणलेली पानं-फळं मांडून बसतात, आणि वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे. पहाटे सहाला गेलात तर वरच्या मजल्यावर सगळं गाव असतं. माझी सर्वांत जास्त गुण मिळालेली बशी तिथलीच. साडेचार रिंगिट, म्हणजे आपले नव्वदच्या आसपास. ती बाई साडेनवाला पातेलं पालथं घालून घरी जाते. उशिरा गेलात तर जा दुसरीकडे.

दुपारी जे कामपुआ विकतात ते पर्यटकांसाठी, हा माझा आणि फोरमनचा एकमेव समान मुद्दा.

गिरीजकर

भाऊ, आता कृती द्या. ह्या रविवारी करणार. वसईत चरबीची कमतरता नाही.

सुरणकंद

मीही. पुण्यातून. चरबीची कमतरता मला स्वतःलाही नाही.

टगवाला

आजीने माप सांगितलं नाही, हाताने दाखवलं. तेव्हा हाताचंच सांगतो.

पाठीकडची पांढरी चरबी, बोटाच्या पेराएवढे तुकडे. पातेल्यात थोडं पाणी घालून मंद आचेवर. पाणी उडून जाईल, चरबी सुटेल, तुकडे सोनेरी झाले की काढून ठेवा (गिरीजकर, तुम्ही नाहीच ठेवणार). त्याच चरबीत बारके कांदे पातळ चिरून. रंग यायला लागला की लगेच बाहेर, कारण बाहेर काढल्यावरही ते आणखी रंगतात. तपकिरी होईपर्यंत थांबलात तर गेलं.

नूडल्स ताज्या, गव्हाच्या, बिनअंड्याच्या. बाजारातल्या कोरड्या हाक्का नूडल्स चालवून घ्या पण तक्रार करू नका. खूप, म्हणजे खरंच खूप पाणी, खळखळ उकळतं. नूडल्स मोकळ्या करून टाकायच्या, झाऱ्याने हलवायच्या, चाव्याला थोडा कडकपणा असताना बाहेर. झटका, परत झटका.

वाडग्यात आधीच दीड चमचा चरबी, चमचाभर पातळ सोया, पांढरी मिरीपूड, आणि हो, चिमूटभर अजिनोमोटो. आजी घालते. मला उपदेश करू नका. वरून गरम नूडल्स आणि लगेच ढवळा. वर पात, कांदा, मांस.

तूप घालून करून बघू का, असा प्रश्न कुणी विचारणार असेल तर: नको.

मीनल_ठाणे

मी तोच विचारणार होते. 😐

गिरीजकर

केलं. रविवारी चर्चहून आल्यावर. चरबी उत्तम झाली, कांदा पहिल्या खेपेला जळला, दुसऱ्यांदा जमला. मांस म्हणून आईने केलेलं इंदियाल होतं, ते वर ठेवलं. ते आंबट-तिखट, त्यामुळे तुमच्या "पांढऱ्या"चं लालच झालं म्हणा. आई म्हणाली, शेवया चांगल्या आहेत पण रस्सा कुठाय? तीन वेळा म्हणाली.

टगवाला

आईंना म्हणावं, वाटीत सूप द्यायचं राहिलं माझ्याकडून सांगायचं. हाडांचं, नितळ, वर पात. चूक माझी.

सुरणकंद

मीही केलं. कॅम्पातून चरबी आणली, घरभर वास, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कुणाकडे काय जळतंय" असा मेसेज आला. नूडल्स वाडग्यात टाकल्या आणि ढवळायला गेलो तर सगळ्याचा एकच गोळा. उचलला तर वाडग्यासकट उचलला गेला. शेवटी सुरीने कापून चौघांत वाटला. लेकीने वाढदिवसाचा केक म्हणून मेणबत्ती लावली.

टगवाला

सुरणकंद, पाणी किती घेतलं होतं?

सुरणकंद

मॅगीला घेतो तेवढं.

टगवाला

बरं. आज संध्याकाळी टग पाण्यात उतरवतोय, शनिवारी परतीचं विमान. उद्या पहाटे मंडईत शेवटची बशी. त्या बाईला पातेलं किती लिटरचं आहे ते विचारून येतो आणि इथेच लिहितो.